रिपोर्ट नॉर्मल, मग झटके कसे?

‘डॉक्टर, मेंदूचा फोटो नॉर्मल आहे म्हणाले. मग पोराला झटके कसे येतात?’ हा प्रश्न मला दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा कापड दुकानाची पिशवी असते. तिच्यात तीन गावच्या तपासण्यांचे कागद, मेंदूच्या आलेखाच्या पट्ट्या, घड्या पडलेल्या काळ्या फिल्म आणि हल्ली एखादी सीडी. एवढा पैसा खर्चून हाती एकच शब्द आलेला असतो, नॉर्मल.

या शब्दाने घरात काय होते ते मी अनेकदा पाहिले आहे. ‘फोटोत काही नाही, म्हणजे पोरगं नाटक करतंय’ असे कोणीतरी ठरवून टाकते. सुनेच्या बाबतीत तर हे फारच लवकर ठरते. नाही तर ‘हे डॉक्टरांच्या हातातले दुखणे नव्हे’ असे म्हणून अंगारे, उतारे सुरू होतात आणि गोळ्या बंद पडतात. झटके चालूच राहतात. पुढचा झटका विहिरीच्या काठावर येणार की चुलीपाशी, हे तर कोणाच्याच हातात नसते.

आज या ‘नॉर्मल’ शब्दाविषयी आणि त्याच्याआड पुष्कळदा दडून बसणाऱ्या एका जन्मजात दोषाविषयी लिहायचे आहे. मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे चित्रात पाहण्याची एक नवी विद्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाढली आहे. तिचा गवगवाही बराच होतो. तिचे खरे मोल काय आणि आपल्या मुलाबाळांना आज तिचा उपयोग किती, याबद्दल माझे जे मत झाले आहे ते वाचकांपुढे ठेवतो. मी साधा एमबीबीएस डॉक्टर आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नव्हे. पण तज्ज्ञाकडे कोणी, कधी आणि काय घेऊन जायचे हे बहुधा आमच्यासारख्यांच्या दवाखान्यातच ठरते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे झटके आलेल्या मुलाचा सीटी स्कॅन काढला की बरेचदा एक लहानशी गाठ सापडते. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या फीतकृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात, त्याची ही गाठ. शुद्ध शाकाहारी घरातही ती सापडते, आणि मग घरचे माझ्याकडे संशयाने पाहतात. ते असो. या गाठीमुळे लोकांची अशी समजूत झाली आहे की, झटक्याचे कारण फोटोत गाठीसारखे उठून दिसलेच पाहिजे. गाठ नाही, म्हणजे दोष नाही.

मी म्हणतो तो दोष गाठीचा नाही, घडणीचा आहे. आईच्या पोटात बाळाचा मेंदू घडत असतो तेव्हा मेंदूच्या पेशी आज जेथे असतात तेथे जन्म घेत नाहीत. मेंदूच्या मध्यभागी द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांच्या काठाशी त्या जन्मतात. तेथून त्या बाहेरच्या करड्या सालीकडे प्रवास करतात. या सालीला आम्ही कॉर्टेक्स म्हणतो. हा प्रवास गरोदरपणाच्या साधारण दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सुरू होतो आणि सहाव्या महिन्यापर्यंत बव्हंशी उरकतो. मुक्कामी पोहोचल्यावर पेशी थराथरांनी शिस्तीत बसतात. माणसाचे पाहणे, बोलणे, हात हलवणे हे सारे या सालीच्या जोरावर चालते.

शेतकरी वाचकांना हे पटकन कळेल. पेरणी करताना मूठभर बी बांधाच्या कडेला सांडले, तर ते तेथेच उगवते. तसेच काही पेशी प्रवासाला निघतच नाहीत किंवा वाटेत अडकतात आणि पोकळीच्या काठाशी त्यांचे लहान लहान पुंजके तयार होतात. याला हेटरोटोपिया म्हणतात. दुसऱ्या प्रकारात बी पडते तासातच, पण दाटीवाटीने आणि वेडेवाकडे. सालीचा तेवढाच तुकडा बिघडलेला असतो, थर विस्कटलेले आणि काही पेशी अवाढव्य. याला फोकल कॉर्टिकल डिसप्लेझिया असे लांबलचक नाव आहे. लंडनच्या डॉ. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्यांसाठी शस्त्रक्रिया केलेल्या दहा रुग्णांच्या मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९७१ साली त्याचे वर्णन केले. तिसरा प्रकार पॉलिमायक्रोजायरिया. यात सालीला नको इतक्या बारीक बारीक चुण्या पडतात. गरोदरपणात आईला झालेला काही विषाणूंचा संसर्ग हे त्याचे एक कारण आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ‘ग्रहणात हिने विळी हातात धरली’ असे सासूने म्हणायचे आणि सुनेने आयुष्यभर ते सोसायचे, हे प्रकार मी आजही पाहतो. त्यात काडीचेही तथ्य नाही. डिसप्लेझियाच्या बऱ्याच रुग्णांत दोष गर्भाच्याच एखाद्या पेशीत वाढीच्या काळात उपजतो, तो आईबापांकडून आलेला नसतो, हे २०१५ पासूनच्या संशोधनात दिसून आले आहे. हेटरोटोपियाचे काही प्रकार मात्र आनुवंशिक आहेत, आणि तेवढ्यापुरता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पण विळी, सुई आणि ग्रहण यांचा येथे काही संबंध नाही. लग्नाच्या बाबतीत म्हणाल, तर हिंदू विवाह कायद्यातल्या विवाहाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ सालीच वगळण्यात आला. कायदा बदलला, बैठकीतली कुजबुज मात्र अजून चालूच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बिघडलेल्या तुकड्यात विजेच्या लहरी अवेळी उसळतात, त्या पसरतात आणि झटका येतो. म्हणजे तुकडा शोधा, कापून काढा, झाले काम, असे बरीच वर्षे मानले जाई. पुष्कळ रुग्णांत हे खरेही ठरले. पण काहींचा दिसणारा तुकडा पूर्ण काढला तरी झटके येत राहिले. हेटरोटोपियाच्या रुग्णांत मेंदूच्या आत बारीक तारा घालून पाहिले, तेव्हा झटका कधी पुंजक्यात सुरू होताना आढळला, कधी त्याच्या वरच्या चांगल्या दिसणाऱ्या सालीत, तर कधी दोन्हीकडे एकदम. म्हणजे बांधावर उगवलेले रोप एकटे नव्हते, त्याची मुळे शेतातल्या पिकात गुंतलेली होती. मग ही मुळे पाहायची कशी?

त्यासाठी दोन मार्ग निघाले, आणि दोन्हींना तेच एमआरआयचे यंत्र लागते. पहिला मार्ग रस्ते पाहण्याचा. मेंदूत पाण्याचे कण असतात. ते तंतूंच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकायला त्यांना अडचण होते. उसाच्या सरीतून पाणी कसे वाहते ते आठवा. पाण्याच्या या सरकण्यावरून तंतूंच्या जुड्या कोठून कोठे जातात याचा नकाशा बांधता येतो. १९९४ च्या सुमारास पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा पाया घातला.

दुसरा मार्ग जास्त गमतीचा आहे. आपल्या गावात दोन गल्ल्यांतले दिवे एकाच वेळी मंद होतात आणि एकाच वेळी उजळतात असे दिसले, तर तारा न पाहताही तुम्ही सांगाल की दोन्ही गल्ल्या एकाच डीपीवर आहेत. मेंदूचे तसेच आहे. जो भाग काम करतो तेथे प्राणवायूयुक्त रक्त जास्त येते, आणि प्राणवायू असलेले व नसलेले रक्त चुंबकीय यंत्राला वेगवेगळे जाणवते. सेइजी ओगावा यांनी १९९० साली हे दाखवून दिले. पुढे १९९५ साली अमेरिकेत भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांच्या असे ध्यानात आले की, माणूस स्वस्थ पडून असतानाही हात हलवणाऱ्या डाव्या आणि उजव्या भागांतले हे चढउतार बरोबरीने होतात. रुग्णाने काही करायचे नाही, नुसते पडून राहायचे, आणि तरीही मेंदूतली कोणती गल्ली कोणत्या डीपीवर आहे ते कळायचे! सुरुवातीला पुष्कळांनी हे उगीचचे गुणगुणणे म्हणून सोडून दिले होते. आज त्यावर जगभर काम चालते.

घडणीच्या दोषांत या पद्धतींनी काय दाखवले? बॉस्टनच्या संशोधकांनी २०१२ साली हेटरोटोपिया आणि झटके असलेल्या रुग्णांचे दोन्ही प्रकारचे चित्रण प्रसिद्ध केले. वाटेत अडकलेल्या पुंजक्यांपासून वरच्या सालीकडे जाणारे तंतू त्यांना आढळले, आणि स्वस्थ पडलेल्या रुग्णात पुंजका आणि साल यांचे चढउतार एकत्र होतानाही दिसले. त्याच गटाने २०१५ साली एक पाऊल पुढे टाकले. पुंजक्याशी जोडलेल्या सालीच्या भागावर डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका दिला आणि मेंदूचा आलेख पाहिला, तर निरोगी माणसात जो प्रतिसाद लगेच शमतो तो या रुग्णांत लांबलेला दिसला. म्हणजे चित्रातली जोडणी कागदावरची नव्हती. ती जागा खरोखरच चिथावायला सोपी होती. कॅनडातील माँट्रियलच्या संशोधकांनी २०१७ साली वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारांची तुलना केली. बदल केवळ दोषाच्या जागेपुरते राहत नाहीत, दूरच्या जाळ्यातही दिसतात, आणि प्रकारागणिक त्यांचा पसारा वेगळा असतो, असे त्यांना आढळले.

मला स्वतःला यातली सर्वांत मोलाची गोष्ट झटक्यांबद्दलची वाटत नाही, वाचनाबद्दलची वाटते. बॉस्टनच्याच काही संशोधकांनी २००५ साली दाखवले की, हेटरोटोपियाच्या रुग्णांची बुद्धी सर्वसाधारण असूनही त्यांना सरसर वाचता येत नाही. २००७ साली त्यांनी त्याचा संबंध मेंदूतल्या तंतूंच्या मांडणीतील बिघाडाशी जोडून दाखवला. माझ्याकडे अशी एक मुलगी येते. हिशेब तोंडी विचारा, उत्तर तयार. धडा वाचायला दिला की शब्दाशब्दाला अडखळते. शाळेत तिला ‘आळशी’ हे नाव पडले होते, घरी ‘गोळ्यांमुळे मंद झाली’ असे म्हणत. गोळ्यांनी सुस्ती येते हे खरे, पण तिचे वाचन गोळ्या सुरू होण्याआधीपासून असेच होते. तिच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना पुंजके आहेत. शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही. पण हा संबंध समजावून सांगितल्यावर तिच्या बाईंनी प्रश्न वाचून दाखवायला सुरुवात केली आणि पोरीला बरे गुण पडू लागले. दूरदेशीच्या संशोधनाचा आमच्या तालुक्यात असाही उपयोग होतो.

एवढे ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग हा जोडणीचा स्कॅन आमच्या मुलाचाही काढा. नेमके येथेच मला वाचकांना थांबवायचे आहे. गेल्या वर्षी एक गृहस्थ मेंदूचे लाल-निळे-हिरवे चित्र घेऊन आले. एका शहरातल्या तपासणी केंद्राने मुलाच्या मेंदूचे ‘कनेक्शन’ तपासून दिले होते आणि त्याचे वेगळे पैसे लावले होते. चित्र मोठे देखणे होते. त्या चित्रावरून औषधात काय बदल करायचा, हे मात्र अहवालात एका ओळीनेही लिहिलेले नव्हते. लिहिणार तरी काय? ते रंग मेंदूत नसतात, संगणकाने भरलेले असतात. गृहस्थ मला विचारत होते की, सहा महिन्यांनी पुन्हा काढायला सांगितले आहे, म्हैस विकू का?

मी नको म्हटले, आणि त्याची कारणे आहेत. वर सांगितलेले निष्कर्ष रुग्णांच्या गटाची निरोगी माणसांच्या गटाशी तुलना करून निघाले आहेत. शंभर शेतांची सरासरी काढून पाऊस कमी झाला असे म्हणता येते, पण त्यावरून तुमच्या विहिरीला पाणी किती हे सांगता येत नाही. शिवाय डोके जरा हलले तरी या चित्रणात घोटाळा होतो. पुन्हा त्या दिव्यांचेच उदाहरण घ्या. पाहणाऱ्यानेच डोळे मिचकावले, तर गावातले सगळे दिवे एकदम मंद झाल्यासारखे वाटतील, आणि तो म्हणेल सारे गाव एकाच डीपीवर आहे. मूल यंत्रात हलते, रडते. भूल दिली तर भुलीनेच मेंदूचे चढउतार बदलतात. आणि मला सर्वांत मोठी वाटणारी अडचण अशी की, जोडणीत दिसलेला बदल जन्मापासूनचा आहे, की वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी आणि औषधांनी घडवलेला आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे न कळता उपचार कशावर करणार?

याचा अर्थ ही विद्या निकामी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्याच्यासाठी ती आजही कामाची आहे. नजरेचे तंतू कानशिलाच्या भागातून एक वळसा घेऊन मागे जातात. शस्त्रक्रियेत ते दुखावले तर दृष्टीचा वरचा एक कोपरा जातो. या तंतूंचा नकाशा आधी काढून शल्यचिकित्सकापुढे ठेवण्याची पद्धत लंडनमध्ये यशस्वीपणे वापरली गेली आहे. भाषेचे केंद्र डाव्या बाजूला आहे की उजव्या, हेही रुग्णाला यंत्रात शब्द सुचवायला लावून पाहता येते. कोठे कापू नये हे सांगण्यात ही चित्रे तरबेज झाली आहेत. कोठे कापावे हे एकट्याने सांगण्याइतकी ती अजून झालेली नाहीत. ज्या केंद्रात ही शस्त्रक्रिया करतात, तेथे ती चित्रे गरजेप्रमाणे काढली जातात. आपण बाजारात जाऊन ती विकत घ्यायची नसतात.

मग म्हैस विकायचीच वेळ आली, तर ती कशासाठी विकावी? माझे उत्तर, साध्याच एमआरआयसाठी, पण तो नीट काढलेला हवा. डिसप्लेझियाचा तुकडा कधी कधी सालीच्या एखाद्या घडीच्या तळाशी, नखाएवढ्या जागेत लपलेला असतो. सीटी स्कॅनमध्ये तो बहुधा दिसतच नाही. जाड कापांच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये दोन कापांच्या मधून निसटतो. म्हणून अपस्मारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवून दिले की, झटक्यांसाठीचा एमआरआय सुमारे एक मिलिमीटरच्या बारीक कापांनी, ठरावीक तीन प्रकारे आणि शक्यतो तीन टेस्लाच्या यंत्रावर काढावा. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘झटके’ लिहून भागत नाही. ‘झटक्याच्या सुरुवातीला डाव्या हाताची मूठ वळते, मान डावीकडे फिरते, बहुधा झोपेत’ असे लिहिले, तर फोटो वाचणाऱ्याची नजर उजव्या बाजूच्या पुढच्या भागात जाऊन थांबते. चिठ्ठी लिहिणारे आम्ही डॉक्टरच असतो, तेव्हा हा मुद्दा आमच्या मंडळींनीही ध्यानात घ्यावा. आणखी एक गोष्ट. तान्ह्या मुलाच्या मेंदूतले तंतू पक्के झालेले नसतात, त्यामुळे त्या वयात दोष झाकला जाऊ शकतो. वर्षाच्या आत काढलेला फोटो नॉर्मल असेल आणि झटके चालूच असतील, तर दोन-अडीच वर्षांचे झाल्यावर तो पुन्हा काढावा लागतो.

संगणकाचीही आता यात मदत होऊ लागली आहे. लंडनच्या पुढाकाराने २३ केंद्रांतील ११८५ जणांचे एमआरआय वापरून तयार केलेल्या एका प्रणालीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेल्या डिसप्लेझियांपैकी ६४ टक्के तिने हुडकून काढले. ही प्रणाली आज तरी संशोधनासाठी आहे, आणि ती कधी कधी नसलेला दोषही दाखवते. पण मला त्यातले तात्पर्य वेगळेच वाटते. दोष त्या जुन्या फोटोंत होताच. फक्त कोणाला दिसला नव्हता.

माझ्याकडचा एक मुलगा सांगतो. नऊ वर्षांचा असताना त्याला रात्रीतून तीन-चार झटके येत. दोन सीटी आणि एक एमआरआय नॉर्मल. तीन औषधे देऊन झाली. वडील शेतमजूर, त्यामुळे मुंबईला जायचे नाव काढले की गप्प बसत. अखेर दिवाळीनंतर गेले. तेथे तीन टेस्लावर पुन्हा चित्रण झाले, आणि पाच दिवस रुग्णालयात ठेवून झटक्यांचे चित्रीकरण व आलेख एकत्र घेतले. उजव्या पुढच्या भागात एका घडीच्या तळाशी तुकडा सापडला. गंमत म्हणजे जागा कळल्यावर त्यांनी जुनी सीडी लावून पाहिली, तर तेथेही तो अंधुक दिसत होता. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या दीड वर्षात तापात एकदा झटका आला, बाकी काही नाही. एक औषध अजून चालू आहे. शर्टाची बटणे लावताना डाव्या हाताची बोटे जरा मंद चालतात. पण आईला रात्री झोप लागते, हे तिनेच मला सांगितले.

सगळ्यांचेच असे होते असे नाही, म्हणून आकडेही सांगतो. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वाखाणली गेली. त्यातल्या निम्म्या मुलांवर लगेच शस्त्रक्रिया झाली, निम्मी प्रतीक्षायादीत औषधांवर राहिली. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटात ७७ टक्के मुलांचे झटके थांबले होते, औषधांच्या गटात फक्त ७ टक्क्यांचे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३३ टक्के मुलांना गंभीर त्रास झाला. मेंदूची अर्धी बाजू तोडून वेगळी करावी लागलेल्या मुलांत अर्ध्या अंगाचा अशक्तपणा येणार हे आधीच ठाऊक असते, तोही यात धरला आहे. एवढे ऐकून ज्याला भीती वाटेल त्याला मी दोष देणार नाही. पण भीती वाटून न जाणे वेगळे, आणि असे काही असते हेच माहीत नसल्याने न जाणे वेगळे.

जायचे कधी? ग्लासगोमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ज्यांना पूर्वी कधीच औषध दिलेले नव्हते अशा ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले. त्यानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने बरे झालेले फक्त १४ टक्के. म्हणूनच नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत आणि नियमित घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा, असे जागतिक संघटनेने २०१० साली ठरवले. ‘नियमित घेतलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जत्रेच्या आठवड्यात गोळ्या विसरल्या आणि झटका आला, तर तो औषधाचा पराभव नव्हे. पण दोन औषधे खरोखर हरली, तर चौथ्या-पाचव्या औषधाची वाट पाहत मुलाचे शाळेचे वय घालवू नये. अपस्माराच्या शस्त्रक्रियांची सोय असलेल्या केंद्रात जाऊन यावे. अशी केंद्रे मुंबईत आहेत, दिल्लीचे एम्स आहे, आणि तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तर हे काम १९९५ पासून चालू आहे. तपासून ‘शस्त्रक्रिया नको’ असे उत्तर मिळाले तरी फेरी फुकट जात नाही, औषधांची घडी तेथे नीट बसवून मिळते.

जाताना पिशवीतला एकही कागद काढून टाकू नका, फुटलेल्या कोपऱ्याची सीडीसुद्धा. सध्याच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करून जाऊ नका. एका वहीत झटक्याची तारीख, वेळ, झोपेत की जागेपणी, आणि सुरुवात अंगाच्या कोणत्या बाजूने झाली एवढे लिहीत जा. हल्ली प्रत्येक घरात मोबाइल आहे. घरातल्या एकाने झटक्याचे पहिल्यापासून चित्रीकरण करावे. चेहरा, दोन्ही हात आणि पाय दिसतील असे करावे. माझ्या अनुभवात अशा एका मिनिटाच्या चित्रफितीने तज्ज्ञांचे जितके काम होते, तितके त्या रंगीत चित्राने होत नाही. दुसऱ्याने मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, जवळची कठीण वस्तू दूर सारावी. तोंडात चमचा, पाणी काही घालू नये. कांदा, चप्पल आणि किल्ल्यांचा जुडगा जागच्या जागी राहू द्यावा. आणि घड्याळाकडे लक्ष असू द्यावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर चित्रीकरण सोडून गाडी काढावी.